परदेशी नोकरी आणि घरचा कुळधर्म

पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाचा धर्म त्याच्याबरोबर जातो की गावीच राहतो, हा प्रश्न भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत जुना आहे. डोंगरउतारावरचे भात आणि नाचणी घराला वर्षभर पुरत नाहीत. भाटघर, पानशेत, नीरा देवघर या धरणांनी खोऱ्यांतली चांगली जमीन पोटात घेतली. त्यामुळे इथला तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, गिरणीत किंवा माथाडी कामाला गेला. आता आयटीआय झालेल्या वेल्डर-वायरमनला आखात खुणावते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून युरोपचीही वाट दिसू लागली आहे.

बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पातकांत धरला होता. १८८३ मध्ये अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशींना या निषेधाला तोंड द्यावे लागले. आज तो कोणी मानत नाही. मावळातल्या शेतकऱ्याचा पाय अडतो तो मेंगाई देवीची जत्रा, देव्हाऱ्यातले टाक, म्हातारे आईवडील आणि आषाढातली लावणी यांच्यापाशी.

या पेचावर पूर्वमीमांसेत नेमका विचार सापडतो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची, म्हणजे बदलीची, चर्चा आहे. यज्ञासाठी भात मिळाला नाही तर नीवार, म्हणजे रानभात, चालतो. देवता, अग्नी, मंत्र यांना मात्र बदली नाही, आणि सामान्यतः यजमानालाही नाही. द्रव्य बदलता येते, कर्ता बदलता येत नाही.

देवकार्यापुरता हा प्रश्न गावाने केव्हाच सोडवला आहे. जत्रेची वर्गणी मुंबईच्या मंडळाकडून येते, तशी ती दुबईहूनही येऊ शकते. टाकांची पूजा भाऊ करतो, आणि कूळ एकच असल्याने त्यात उणे राहत नाही.

खरी अडचण शेतात आणि आजाऱ्याच्या अंथरुणापाशी आहे. पावसाआधी पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायचा, त्यात रोप टाकायचे, मग चिखलणी, आणि गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून लावणी. हे सगळे मागे राहिलेल्या बाईवर पडते. सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणेही तीच काढते. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे असते. यज्ञात फळ यजमानाला मिळते, पण राबणाऱ्या ऋत्विजाला, म्हणजे पुरोहिताला, निदान दक्षिणा तरी मिळते. इथे तिला दोन्ही नाही, आणि हा उघड अन्याय आहे.

घरच्या माणसाला बदली न मिळण्याचा हा पेच इतरत्रही दिसतो. फिलिपिन्सने १९७४ च्या कामगार कायद्यापासून परदेशी रोजगार हे सरकारी धोरणच केले. तिथे कित्येकदा आईच घर सोडते आणि मुले आजीपाशी वाढतात. पैसा येतो, पण मुलाला जवळ घेणारी आई पैशाबरोबर येत नाही.

जाणे अधर्म नाही. मात्र जाणाऱ्याने आधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली, एजंटचे कर्ज. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढेच शुल्क घेता येते. नोंदणी नसलेल्याला लाखो रुपये मोजले, तर पहिली दोन वर्षे सावकारासाठीच राबण्यात जातात. दुसरी गोष्ट जमिनीची. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचा आग्रह धरला होता. व्हिसाची कागदपत्रे जमवतानाच तलाठ्याकडे ही नोंद घातली, तर मागे राबणारी बाई त्या शेताची यजमान ठरते, आणि शेतापुरता तरी प्रतिनिधी शोधण्याचा प्रश्न राहत नाही.