भय कोणतें टाकावें?

भय जिंकावें, हा उपदेश सर्व नीतिशास्त्रांत आढळतो. परंतु कोणतें भय जिंकावें आणि कोणतें जपावें, हा भेद फार थोडे उपदेशक करून दाखवितात. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. ॲरिस्टॉटलनें शौर्याला भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधलें स्थान दिलें. दोन्ही मतें मान्य केलीं तरी प्रश्न उरतोच. तो आम्ही येथें एका क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणावरून तपासूं इच्छितों. तें उदाहरण म्हणजे हौसेखातर ड्रोन उडवूं पाहणाऱ्या नवशिक्याचें.

सोलापुरासारख्या शहरांतील मध्यम स्थितीच्या गृहस्थानें शिल्लक टाकून असें यंत्र घेतलें, कीं पुष्कळदां तें पेटींतच राहतें. बाभळीला अडकेल, तलावांत पडेल, वाऱ्याबरोबर निघून जाईल, या विचारानें हात आंखडतो. त्याला हंसणें सोपें आहे. पण हंसणाराचे पैसे त्यांत गुंतलेले नसतात. आमच्या मतें या एका भीतींत तीन निरनिराळीं भयें मिसळलेलीं असतात: वस्तु गमावण्याचें, चारचौघांत फजिती होण्याचें आणि यंत्र कोणाच्या अंगावर पडेल, याचें.

पहिल्यावर उपाय ज्ञानाचा. यंत्राचें तोंड आपल्याकडे वळलें म्हणजे त्याचें डावें तें आपलें उजवें होतें, आणि नवशिक्याचे पुष्कळ अपघात या एकाच घोटाळ्यांतून होतात. वाऱ्याबरोबर दूर गेलेल्या यंत्राला परततांना वाऱ्याशीं झगडावें लागतें व बॅटरी वाटेंतच संपूं शकते. म्हणून जातांनाच वाऱ्याच्या तोंडावर जावें. उपग्रहांचा संकेत मिळून परतीचें ठिकाण नोंदलें गेल्यावांचून जमीन सोडूं नये. असें एकेक कारण समजत गेलें कीं भीतीची काळजी होते. भीति नुसती वाटते. काळजी घेतां येते.

तथापि ज्ञान हमी देत नाहीं. 17 डिसेंबर 1903 रोजीं राइट बंधूंनीं चार उड्डाणें केलीं. शेवटचें 59 सेकंदांचें व 852 फुटांचें. त्यानंतर थोड्याच वेळांत जमिनीवर उभें असलेलें तें विमान वाऱ्याच्या झोतानें उलथून मोडलें, आणि पुन्हां कधीं उडालें नाहीं. यंत्र गेलें, विद्या राहिली. यावर कोणी म्हणेल, त्यांचें कार्य थोर होतें, येथें तर केवळ करमणूक आहे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ज्याला तें नुकसान खरोखर सोसणार नाहीं, त्याची भीति त्याला योग्य सल्लाच देत असते. त्यानें स्वस्त यंत्रावर हात बसवावा. परंतु ज्याला सोसेल, त्यानें गमावण्याच्या भयानें यंत्र पेटींत ठेवणें म्हणजे तें न उडवितांच गमावणें होय.

वस्तु अनेकांची असेल तर विचार बदलतो. महिला बचत गटांना शेतीच्या कामासाठीं ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारनें 2023 सालीं मंजूर केली. गटांची संख्या 15,000 ठरली. तेथें यंत्र गटाचें असतें. तें चालविणाऱ्या बाईला वाटणारी धास्ती स्वतःच्या पैशाची नव्हे, सोबतिणींच्या विश्वासाची असते. तिला धीट हो म्हणणें पुरेसें नाहीं; आधीं शिकविलें पाहिजे. योजनेंत प्रशिक्षणाची तरतूद आहे ती यासाठींच.

दुसऱ्या भयाचा उपाय आमच्या गांवांतच आहे. जानेवारींत सिद्धेश्वराच्या यात्रेंत सात नंदीध्वज निघतात. ते उंच ध्वज तोलून चालणारे मानकरी त्या दिवशीं प्रथमच हात लावीत नाहींत. आधीं कित्येक दिवस त्यांचा सराव चालतो. शिकणाराचा तोल जाणें ही लाजेची गोष्ट आहे, असें कोणी समजत नाहीं. नवशिक्याला असा समाज लाभला तर फजितीचें भय आपोआप ओसरतें.

तिसरें भय मात्र जिंकूं नये. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणें 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाहीं. पण परवाना नको म्हणजे जबाबदारी नको, असें नव्हे. चालू विमानतळाच्या सीमेपासून 8 ते 12 किलोमीटरांच्या पट्ट्यांत 200 फुटांच्या वर परवानगीवांचून जातां येत नाहीं. त्याहून जवळ निर्बंध अधिक कडक आहेत. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून 2025 सालीं प्रवासी विमानें सुरू झाल्यापासून हा विचार सोलापूरकरांच्या दाराशीं आला आहे. यात्रेच्या गर्दीवर यंत्र नेणारा शूर नव्हे. आपल्या हौसेची किंमत तो दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो.

सारांश, भयाची परीक्षा हानि कोणाची होणार या प्रश्नानें करावी. हानि आपली व सोसण्याजोगी असेल, तर मोकळ्या माळावर, वारा पडलेल्या सकाळीं, माणसाच्या उंचीइतकेंच यंत्र वर न्यावें आणि उतरवावें. दहा वेळां उतरवितां आलें कीं अकराव्या वेळीं थोडें दूर जावें. हानि दुसऱ्याची होण्याजोगी असेल, तर भय म्हणेल तेथें थांबावें. सराव कितीही वाढला तरी हें शेवटचें भय कमी होऊं देऊं नये.