खेळाच्या पेटीचें मोल

समजा कीं, एका खेड्यांतील उपदेशकाचा मुलगा शिकून पुण्याजवळच्या एका कारखान्यांत नोकरीस लागला. दोन वर्षें काटकसर करून त्यानें कांहीं पैसे शिल्लक टाकिले. नाताळच्या सुटींत तो घरीं येतो आणि जेवतां जेवतां वडिलांस सांगतो, "बाबा, मी प्लेस्टेशन घेणार आहें." वडील विचारितात, "तें काय असतें?" मुलगा सांगतो, किंमतही सांगतो. वडील ताटावरून उठतात आणि म्हणतात, "हें पाप आहे." मुलगा म्हणतो, "पैसा माझा आहे." तेथेंच बोलणें संपतें, आणि सुटीचे उरलेले दिवस त्या घरांत बापलेक एकमेकांशीं मोजकेंच बोलतात.

असे प्रसंग आतां आमच्या मंडळ्यांतील घरांतही घडण्याजोगे झाले आहेत. बापाचें उत्तर व लेकाचें उत्तर हीं दोन्ही लहान व ठाम आहेत. परंतु आमच्या मतें दोन्ही अपुरीं आहेत. तीं कां अपुरीं आहेत, आणि अशा महाग वस्तूचा निर्णय ख्रिस्ती मनुष्यानें कसा करावा, ह्याचा आज थोडा विचार करूं.

ज्यांनीं ही वस्तु पाहिली नसेल त्यांच्यासाठीं प्रथम तिची माहिती देतों. गेम कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून खेळ खेळण्याचें संगणकासारखें यंत्र. सोनी ह्या जपानी कंपनीचें प्लेस्टेशन ५ हें यंत्र भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं विक्रीस आलें. त्याचे दोन प्रकार होते. ज्यांत खेळाची तबकडी घालतां येते त्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. ज्यांत ती सोय नाहीं त्याची ३९,९९० रुपये होती. पुढें नोव्हेंबर २०२२ मध्यें ह्या किंमती प्रत्येकीं पांच हजारांनीं वाढल्या.

आतां बापाचें उत्तर पाहूं. खेळ हें पाप आहे काय? जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायांत देवानें यरुशलेमेच्या पुनःस्थापनेचें वचन दिलें आहे. त्या सुखी नगराचें वर्णन करितांना तो काठी टेकीत बसलेल्या म्हाताऱ्यांचा उल्लेख करितो, आणि लगेच रस्त्यांत खेळणाऱ्या मुलांमुलींचा. ज्या नगरावर देवाची कृपा आहे त्याची खूण म्हणून जो खेळ सांगितला, त्यास आम्हीं पाप कसें म्हणावें? आमच्या वडील पिढीनेंही विटीदांडू व हुतुतू खेळून संध्याकाळी घालविल्याच आहेत. यंत्रावरचा खेळ अंगमेहनतीचा नव्हे हें खरें. तरी डोळा, हात व बुद्धि ह्यांस त्यांत काम असतें, आणि दोघां-चौघांनीं मिळून खेळल्यास मौजही असते.

खेळाचा अतिरेक होतो हें आम्हांस ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचें रोगांचें अकरावें वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलें; त्यांत खेळाच्या विकारासही जागा दिली आहे. खेळण्यावरील ताबा सुटणें, इतर सर्व कामांपेक्षां खेळास अधिक महत्त्व देणें, आणि नुकसान दिसत असतांही खेळतच राहणें, हीं त्याचीं लक्षणें होत. परंतु खेळणाऱ्यांपैकीं थोड्यांसच हा विकार जडतो, असें तीच संघटना सांगते. म्हणून धोका आहे एवढें म्हणावें. पाप आहे असें म्हणूं नये. ज्या गोष्टीस शास्त्रानें पाप म्हटलें नाहीं तिला बापानें पाप म्हटलें, तर ज्या दिवशीं तो खऱ्या पापाविषयीं बोलेल त्या दिवशीं मुलगा त्याचें ऐकणार नाहीं.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. प्रभूनें तो शिष्यत्वाच्या किंमतीविषयीं सांगितला. तरी त्यांत रोजच्या व्यवहाराचाही एक धडा आहे. तो मनुष्य हिशेब करितो एवढेंच प्रभु सांगत नाहीं. तो प्रथम बसतो असें सांगतो. उभ्या उभ्या केलेला हिशेब इच्छेच्या बाजूनें झुकतो. आणि नव्या यंत्रांचा बाजार गिऱ्हाइकास बसूं देत नाहीं. ह्याच यंत्राची आगाऊ मागणी नोंदविण्याचें काम भारतांत १२ जानेवारी २०२१ रोजीं सुरू झालें, आणि थोड्या मिनिटांतच सारा माल संपला. त्या मिनिटांत किती जणांस बसण्यास सवड झाली असेल?

तर आतां आपण बसूं, आणि कागदावर त्या वेळच्याच किंमती मांडूं. तबकडीचें यंत्र ४९,९९० रुपये. त्याच्या पेटींत खेळण्याचा एकच हातचाप येतो. भावाबरोबर खेळावयाचें तर दुसरा हवा, तो ५,९९० रुपये. सोनीच्या कांहीं नव्या खेळांची किंमत प्रत्येकीं ४,९९९ रुपये होती. असे दोनच खेळ घेतले तरी ९,९९८ रुपये. एकूण झाले ६५,९७८ रुपये. टीव्ही घरीं आहे असें धरिलें आहे. विजेचा खर्च मात्र फार नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे: मोठा खेळ चालू असतां यंत्रास सुमारें २०० वॅट वीज लागते, म्हणजे पांच तासांस एक युनिट. परंतु इंटरनेटवरून दूरच्या सोबत्यांशीं खेळावयाचें असेल तर बहुतेक विकत घेतलेल्या खेळांसाठीं वेगळी वर्गणी भरावी लागते, आणि एकेक खेळ इतका मोठा असतो कीं खेड्यांतील मंद इंटरनेटवर तो उतरून घेण्यास रात्रीच्या रात्री जातात.

हा हिशेब रुपयांत झाला. आतां तो दिवसांत करूं. महाराष्ट्रांत २०२०-२१ सालीं रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २३८ रुपये होती. त्या भावानें नुसती पेटी घेण्यास २१० दिवस, आणि वरील सर्व सामान घेण्यास २७७ दिवस माती उपसावी लागली असती. केंद्राच्या कायद्यानें त्या काळीं एका कुटुंबास वर्षांतून १०० दिवसांच्या कामाची हमी होती. तेव्हां ही दोन वर्षांहून अधिक काळाची मजुरी झाली. मुलगा म्हणेल, माझा पगार ह्याहून बराच अधिक आहे. खरें आहे, परंतु ज्यांनीं त्याची फी भरिली त्यांचे दिवस ह्याच भावानें विकले गेले होते. त्यांच्या दिवसांनींच त्याचे दिवस महाग झाले.

किंमत म्हणजे आयुष्याचे तास, ही गोष्ट विकणाऱ्यांसही ठाऊक आहे. २००५ सालीं, प्लेस्टेशन ३ बाजारांत येण्यापूर्वीं, सोनीच्या खेळविभागाचे प्रमुख केन कुतारागी ह्यांनीं, हें यंत्र घेण्यासाठीं आपण अधिक तास काम करूं असें गिऱ्हाइकास वाटावें, अशा आशयाचे उद्गार काढिले होते. तें यंत्र २००६ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत ४९९ व ५९९ डॉलरांस विकूं लागले. पुढें तीन वर्षें पुरीं होण्याच्या आंत, २००९ मध्यें, त्याच यंत्राची नवी आवृत्ति २९९ डॉलरांस मिळूं लागली. ज्यांनीं धीर धरिला त्यांचे कित्येक तास वांचले. तथापि थांबल्यानें वस्तु नेहमीं स्वस्त होतेच असें नाहीं. प्लेस्टेशन ५ ची किंमत भारतांत वाढली हें वर सांगितलेंच आहे. म्हणून थांबावयाचें तें केवळ पैसे वांचविण्यासाठीं नव्हे. आपली इच्छा महिना दोन महिने टिकते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं थांबावें. जी इच्छा तितकी टिकत नाहीं तिच्यासाठीं वर्षाची शिल्लक मोडूं नये.

आतां लेकाचें उत्तर घेऊं: पैसा माझा आहे. हें पुष्कळ अंशीं खरें आहे, आणि कमावत्या मुलाशीं बोलतांना वडिलांनीं तें विसरूं नये. परंतु हातीं असलेला सर्वच पैसा आपला नसतो. ज्याचें देणें आहे त्याचा भाग त्यांत असतो. धाकट्या बहिणीची फी तटली असेल, विहिरीसाठीं काढलेलें कर्ज बापाच्या नांवावर असेल, आईचें औषध उधारीवर येत असेल, तर तेवढा पैसा मुलाच्या खिशांत असला तरी दुसऱ्याचा आहे. आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयीं प्रेषित पौलानें तीमथ्यास काय लिहिलें तें वाचकांस माहीत आहेच. आणि हप्त्यांनीं घेतलेल्या वस्तूविषयीं तर आमचें मत स्पष्ट आहे. घर, शेत, शिक्षण ह्यांसाठीं कर्ज काढावें लागतें. करमणुकीसाठीं काढूं नये. ज्या महिन्यांचा पगार अजून हातीं आला नाहीं ते महिने आपण खेळांत आधींच घालवून बसतों, आणि नोकरी गेली तर हप्ता मात्र राहतो.

देणें फिटलें, घराची तरतूद झाली, देवाचा भाग दिला, आणि तरीही शिल्लक उरली, तर मग काय? येथें कोणी म्हणेल, जगांत भुकेले आहेत तोंवर खेळण्यावर एक रुपयाही खर्च करणें अयोग्य. हें बोलणें मोठें पवित्र वाटतें. परंतु हेंच बोलणें पूर्वीं एकानें काढिलें होतें. बेथानी गांवीं मरियेनें प्रभूच्या चरणांस मौल्यवान सुगंधी तेल लाविलें, तेव्हां यहूदा इस्कर्योतानें त्याची किंमत तीनशें दिनार सांगितली आणि गरिबांची आठवण करून दिली. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हें द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळतें. म्हणजे तें तीनशें दिवसांचें मोल होतें, आपल्या कागदावरील पेटी, हातचाप व दोन खेळ ह्यांहूनही अधिक. यहूदाच्या हिशेबांत चूक नव्हती. तरी प्रभूनें त्यालाच गप्प केलें, आणि त्या स्त्रीस दोष दिला नाहीं.

म्हणून केवळ बेरीज करून कोणास दोषी ठरवूं नये. परंतु त्या घरांत घडलें काय हेंही पाहावें. मरियेनें तें तेल स्वतःसाठीं कुपींत झाकून ठेविलें नाहीं. दुसऱ्यावर ओतिलें, आणि सुवासानें सगळें घर भरलें, असें योहान सांगतो. महाग वस्तूविषयीं हाच प्रश्न विचारावा: हिचा सुवास घरभर पसरेल काय? कीं हिच्यामुळें एक दार आंतून लागेल? परक्या शहरांत, भाड्याच्या खोलींत, रात्रपाळी करून आलेला मुलगा एकटाच पहाटेपर्यंत खेळत बसला, तर पेटी स्वस्तांत मिळूनही महाग पडली. तोच रविवारीं उपासनेनंतर मंडळींतील चार तरुणांस बोलावून तासभर खेळला, सुटींत पेटी घरीं आणून धाकट्या भावाच्या हातीं दुसरा हातचाप दिला, तर तेंच मोल सार्थकीं लागलें असें म्हणतां येईल. येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दहा हजारांनीं स्वस्त असलेल्या यंत्रांत तबकडी चालत नाहीं. त्यावरचा विकत घेतलेला खेळ शेजाऱ्यास उसना देतां येत नाहीं, जुना झाल्यावर विकतां येत नाहीं, आणि दुसऱ्याचा वापरलेला अर्ध्या किंमतींत घेतांही येत नाहीं. ज्यास वांटून खेळावयाचें आहे त्यास महाग दिसणारें यंत्रच कदाचित् खरें स्वस्त पडेल.

शेवटीं एक शब्द वडील मंडळीस. ज्या घरांत पन्नास हजारांचें यंत्र पाप ठरतें, त्याच घरांत मुलीच्या लग्नास दोन-तीन लाखांचें कर्ज काढून मंडप, बँड व शंभरांऐवजीं आठशें पानें होतात, आणि त्यास प्रतिष्ठा म्हणतात. तें कर्ज फेडतांना धाकट्याचें शिक्षण थांबलें तरी कोणी ताटावरून उठत नाहीं. मुलगा हें पाहत असतो. जो कागद आपण त्याच्यापुढें मांडितों तोच आपल्याही खर्चापुढें मांडण्याची आपली तयारी नसेल, तर त्यास शिकविण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं. खर्चाचा जो नियम तरुणांस लागू, तोच म्हाताऱ्यांस.

तेव्हां त्या नाताळच्या सुटींतील बापलेकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. बापानें पुन्हा पाटावर बसावें आणि मुलानें त्याच्या शेजारीं. मध्यें एक कागद ठेवावा. एका बाजूस मुलानें आपल्या पेटीचा पुरा खर्च लिहावा. दुसऱ्या बाजूस बापानें घराचें देणें लिहावें, कांहीं न लपवितां. कारण पुष्कळ बाप आपलें कर्ज मुलांपासून लपवितात, आणि मग मुलांनीं तें ओळखलें नाहीं म्हणून रागावतात. दोन्ही बाजू वाचून दोघांनीं प्रार्थना करावी, आणि निर्णय मुलावर सोंपवावा. त्यानें ह्या वर्षीं न घेण्याचें ठरविलें, तर तें त्यानें स्वतः ठरविलें असेल. त्यानें घेण्याचें ठरविलें, तर बापानें तोंड फिरवूं नये. पेटी घरीं आल्यावर दुसरा हातचाप हातीं घेऊन, हें कसें खेळतात तें शिकीव, असें म्हणावें.

आपला पैसा, आपला वेळ व आपला आनंद हीं तिन्हीं ज्याच्याकडून आम्हांस मिळालीं, तो प्रभु आमच्या घरांतील थोरांस नम्रता व लहानांस विवेक देवो.