देवाच्या नावातला टक्कार

नवीन जालन्यातून मोंढ्याकडे गाडी हाकणारा शेतकरी बैलांना इशारा देताना जिभेची एक कड वरच्या दाढांपासून झटक्यात सोडवतो. गालात एक ओला 'टक्क' उमटतो. बैलाला तो कळतो, पण मराठी वर्णमालेत त्याला जागा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत हाच आवाज देवाच्या नावाच्या मधोमध आहे. ते नाव देवनागरीत फार तर 'थिक्सो' असे लिहिता येईल; त्यातल्या 'क्स'च्या जागी खोसा माणूस आपल्या गाडीवानाचा टक्कार उच्चारतो.

नेल्सन मंडेलांची ही मातृभाषा आज ८० लाखांहून अधिक लोक बोलतात. तिच्यात टक्कारांच्या तीन जागा आहेत. दातांमागचा पहिला टक्कार मराठी माणूस रोजच काढतो: कुणाचे वाईट झाल्याचे ऐकले की तोंडातून जे 'च्च् च्च्' निघते, तोच तो. दाढांकडचा दुसरा गाडीवानाचा. तिसऱ्यासाठी जिभेचे टोक हिरड्यांमागे टाळूला घट्ट लावून खाली आपटायचे. बाटलीचे बूच निघावे तसा आवाज येतो. रोमन लिपीत या तिघांना अनुक्रमे 'सी', 'एक्स' आणि 'क्यू' ही अक्षरे दिलेली आहेत.

तिघांची रीत एकच. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग जिथे टेकतो तिथे तो टेकवायचा, पुढूनही तोंड बंद करायचे, मधली जागा जिभेने किंचित वाढवायची. आतली हवा विरळ होते. पुढची पकड सुटताच बाहेरची हवा आत घुसते आणि टक्कार वाजतो. छातीतल्या श्वासाचा यात काही भाग नसतो, म्हणून नाकाने गुणगुणत असतानाही तो काढता येतो. मराठी मुलाला क, ख, ग, घ, ङ ही चढण पाठ असते. खोसातही प्रत्येक टक्काराचा साधा, महाप्राण, घोष आणि अनुनासिक असा परिवार आहे. इंग्रजी शिकलेल्याला तो अवघड वाटेल. पाणिनीच्या देशातल्या माणसाला त्याची मांडणी ओळखीची वाटायला हवी.

अवघड आहे ते दुसरेच. सुटा टक्कार कुणालाही जमतो. तो शब्दात बसवून लगेच स्वर लावायचा असतो आणि वाक्य थांबवायचे नसते. शिवाय मनाचीही एक अडचण असते. ज्या आवाजाने आपण जनावर हाकले, त्याने देवाला हाक मारायची? इथे उच्चाराचा प्रश्न धर्माचा होतो. नाव चुकीचे उच्चारले तर हाक पोचते का?

आपल्या परंपरेने याची दोन टोकाची उत्तरे दिली आहेत. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला, पण 'इंद्रशत्रु' या शब्दात स्वराघात शेवटी द्यायचा तो आरंभी दिला. अर्थ उलटला आणि तो पुत्र, वृत्र, स्वतःच इंद्राच्या हातून मेला. पतंजलींनी महाभाष्याच्या सुरुवातीलाच ही कथा व्याकरण शिकण्याचे कारण म्हणून सांगितली. दुसऱ्या टोकाला वाल्या कोळी आहे. त्याला रामाचे नाव घेता येईना, तो 'मरा मरा' म्हणत राहिला आणि वाल्मीकी झाला. जालना जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला रामाच्या तेरा अक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला, असे परंपरा मानते. नामाचा असा आग्रह धरणाऱ्या समर्थांनीच दासबोधात लेखनक्रियेवर एक पूर्ण समास खर्च करून अक्षर कसे सुबक आणि सुवाच्य असावे हे शिकवले. भक्ती आणि नेटकेपणा यांत त्यांना विरोध दिसला नाही.

जालन्यातल्या जिभा हा प्रश्न रोज सोडवतात. जैनांच्या एकाच नवकार मंत्राचा आरंभ कुणी 'णमो' करतो, कुणी 'नमो', आणि दोघांचेही वंदन वंदनच असते. दखनीत 'क़'चा 'ख़' होतो. पण तीच दखनी बोलणारे मूल कुराण पढायला बसते तेव्हा तजवीदच्या, म्हणजे शुद्ध पठणाच्या, नियमाने 'क़ाफ'ची जागा घशाजवळ शोधते. जो अडखळत, कष्टाने कुराण वाचतो त्याला दुप्पट पुण्य, अशा आशयाची हदीस आहे. या सगळ्या वादातले सर्वांत समंजस उत्तर हेच म्हणावे लागेल. त्यात चुकीला शिक्षा नाही, पण चूक तशीच राहू द्यायची मुभाही नाही. जिभेचे कष्ट हीच तिथे उपासना.

जालन्याचा आणि खोसा प्रदेशाचा एक जुना धागाही आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. पूर्व केपमधले लव्हडेलचे मिशनही पुढे याच चर्चकडे आले. त्या मिशनच्या जॉन बेनींनी १८२३ मध्ये टायुमी नदीकाठी आलेल्या छापखान्यावर खोसा भाषेची पहिली पाने छापली. देवाला कोणता शब्द वापरायचा, हे मिशनऱ्यांना ठरवावे लागले. 'थिक्सो' हा शब्द मुळात खोसांचाही नव्हता. तो त्यांच्याकडे शेजारच्या खोइखोइ लोकांकडून आला होता, टक्कारासकट. १८२१ मध्ये वारलेला न्त्सिकाना हा खोसा भक्त, लिहिता-वाचता न येताही, याच नावाने स्तोत्रे गात होता. स्कॉटिश पाद्र्याला देव सांगायचा तर आधी त्या गवयासारखी जीभ वळवायला शिकणे भाग होते. आपला देव दुसऱ्याच्या तोंडात ठेवायला गेलेल्या माणसाला दुसऱ्याचा आवाज आपल्या तोंडात घ्यावा लागला.

टक्कार खोसात कसे रुजले, याविषयी काही भाषाशास्त्रज्ञांचे मत इथे मोलाचे आहे. खोसा सुनेने सासऱ्याचे आणि सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचे नाव घ्यायचे नाही. त्या नावातले अवयव दुसऱ्या शब्दांत आले तर तेही टाळायचे. या रिवाजाला 'ह्लोनिफा' म्हणतात. टाळलेल्या आवाजाच्या जागी स्त्रियांनी खोइखोइंचे टक्कार घेतले आणि त्यामुळे ते भाषेत पसरायला मदत झाली, असे हे मत. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आणि घ्यायचेच तर उखाण्यात घेणाऱ्या मराठी बायकांना यातले दडपण आणि त्यातली कल्पकता दोन्ही लगेच कळेल. आदराचा हा भार मुख्यतः सुनांवर टाकला गेला, हा अन्याय आहेच. तरी त्या मुक्या राहिल्या नाहीत. त्यांनी बोलण्याची दुसरी वाट काढली आणि भाषेला नवी अक्षरे मिळाली.

देव चुकलेली हाक ऐकतो, ही भक्तांची श्रद्धा मान्य करावी. पण देवाचे नाव माणसांच्या भाषेतले असते आणि त्या माणसांचे कान हजर असतात. 'कोंगकोथ्वाने' हे खोसा लोकांचे लग्नातले गाणे दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम मकेबांनी जगभर नेले. इंग्रजांना ते नाव उच्चारता येत नाही म्हणून ते याला 'क्लिक साँग' म्हणतात, असे त्या श्रोत्यांना सांगत. नुसते 'क्लिक' म्हणून टाकल्याने शब्द उरत नाही, आवाजाची गंमत तेवढी उरते. त्या नावातले दोन्ही टक्कार टाळूवरचे आहेत. पहिला साधा, दुसरा नाकातून घोष घेऊन येणारा. शिकायचे तर आधी 'ङ' लांबवत गुणगुणावे, गुणगुणणे न तोडता जीभ टाळूवरून खाली आपटावी आणि त्याच दमात 'ओ' म्हणावा.