पाटी कोणी लावली, ते विचारलंस?

फोनवर हिरव्या पट्टीत ‘रेडी टू मूव्ह’ दिसलं. शेजारी ‘व्हेरिफाइड’ची टिकमार्क. झालं! पुनावळ्याच्या फ्लॅटला टोकन देऊन मोकळा झालास. आणि आता मला सांगतोस, “सर, साइटवर तसंच लिहिलं होतं.” कोणी लिहिलं होतं? विचारलंस? पडताळणी कशाची केली होती? विचारलंस? नाही विचारलंस. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मनात भरलेला फ्लॅट हातचा गेला असता. तुला खात्री नको होती. तुला फ्लॅट हवा होता.

ती पट्टी एजंट भरतो, नाहीतर बिल्डरचा सेल्सवाला. ‘ताबा कधी’ या रकान्यात यादीतला एक पर्याय निवडायचा, की झाली इमारत तयार. ‘व्हेरिफाइड’चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की फोन नंबर खरा आहे, किंवा फोटो जागेवर जाऊन काढलेत. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळालंय का, हे पालिकेत जाऊन कोणी पाहिलेलं नसतं. माहितीची जबाबदारी जाहिरात देणाऱ्याची, असं साइटच्या अटींमध्येच छापलेलं असतं. त्या अटींवर तू न वाचता ‘मान्य’ दाबलंस. सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्या माणसाला रकाना कोण भरतो हे मी शिकवायचं?

‘अव्हेलेबल’चीही तीच गत. विकला गेलेला फ्लॅट महिनोन्‌महिने उपलब्ध दिसतो. दर वेळी तो चुकून राहतो असं समजू नकोस. भाव उतरता ठेवला की फोन येतात. फोन आला की ठरलेलं वाक्य: “तो आत्ताच गेला हो, पण शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक आहे.” हे तू ऐकलं होतंस ना? तरी गेलासच ना शेजारच्या बिल्डिंगमध्ये?

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? तू मला दाखवलेल्या त्या हिशोबाच्या कागदाचा. त्यात 5 टक्के जीएसटी लावलाय. तू बेरीज तपासलीस, एक ओळ खोडून पुन्हा मांडलीस. मग डोकं कुठे ठेवलं होतंस? पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला लागतो: 1 एप्रिल 2019 पासून 5 टक्के, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर 1 टक्का. म्हणजे एक तर घर तयार नाही, नाहीतर नसलेला कर तुझ्याकडून उकळताहेत. पुरावा तुझ्या हातात होता. त्याची घडी घालून तू खिशात ठेवलीस.

भेंडी घेताना शेंडा मोडून बघतोस आणि घर घेताना फोटो बघतोस!

वेळ नव्हता म्हणू नकोस. रोज रात्री मॉड्युलर किचनचे फोटो वरखाली करायला होता. गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराची वेबसाइट फुकट आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मूळ पूर्णत्वाची तारीख दिसते, वाढवून घेतलेली दिसते, कोर्टकज्जे दिसतात. बिल्डरला दर तीन महिन्यांनी तिथे प्रगती कळवावी लागते. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. चहावाल्याला पैसे देताना जो फोन पुढे करतोस, तोच इथे करायचा होता. ‘एजंट ओळखीचा आहे’ म्हणतोस. मग त्याचाही महारेरा क्रमांक सांग. माहीत नाही? मग ओळख कसली?

आणि ‘रेरा रजिस्टर्ड’ वाचून तरी स्वस्थ झोपू नकोस. डोंबिवलीच्या 65 इमारतींचं प्रकरण वाचलं होतंस ना? पालिकेच्या परवानगीची बनावट कागदपत्रं जोडून रेराची नोंदणी मिळवली होती. 2024 साली उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितलं. तिथल्या लोकांनी निदान नोंदणी तरी पाहिली होती. तू तीही पाहिली नाहीस. नोंदणीत मुख्यतः बिल्डरनं सांगितलेली माहितीच सरकारी पानावर येते. परवानगीचा कागद ज्या पालिकेनं दिला, तिच्याकडेच तो ताडून घ्यायचा असतो.

“ओसी दोन महिन्यांत येईल, सगळेच असे राहायला जातात.” सगळे जातात म्हणून तूही जाणार? वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत लोक वर्षानुवर्षं ओसीशिवाय राहिले. त्यांनाही कोणीतरी ‘येईल’ असंच सांगितलं असणार. वरचे मजले बेकायदा ठरले आणि 2014 साली पालिकेनं त्यांची वीज, पाणी, गॅस तोडला. ‘पार्ट ओसी आहे’ म्हणाला ना तो एजंट? मग कोणत्या विंगला? कितव्या मजल्यापर्यंत? तुझा फ्लॅट बी विंगमध्ये अकराव्या मजल्यावर, आणि दाखला ए विंगचा असला तर काय त्याची आरती करणार आहेस?

वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायचं ठरवलं आहेस. त्या माणसानं तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये हात काळे केले. निदान त्या पैशाशी तरी असा बेफिकीर वागू नकोस.

कायदा तुझ्या बाजूनं आहे, पण कायद्याला कागद लागतो. बिल्डरच्या जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिलेस आणि नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या कलम 12 खाली दाद मागता येते, पैसे व्याजासह परत मागता येतात. पण जाहिरात कुठे आहे? स्क्रीनशॉट घेतलास? ती पट्टी उद्या बदलली तर काय दाखवशील, तुझी आठवण? आधी तारखेसह तो घे. टोकनच्या पावतीवर ‘ओसी नसल्यास पूर्ण परतावा’ लिहून घे. करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. तो ‘आज वीस द्या, डिस्काउंट देतो’ म्हणाला, तर तिथून उठ.

शनिवारी संध्याकाळी ये. ओसीची प्रत आण, आणि त्यात तुझी विंग आणि तुझा मजला बोट ठेवून मला दाखव. नाही मिळाली, तर चेकबुक आईकडे ठेवून ये.