मालकाचा पलंग

मालकाच्या पलंगावर झोपावं की झोपू नये? सवाल पोरकट वाटेल. शिष्यवृत्तीपासून अ‍ॅट्रॉसिटीपर्यंत शंभर प्रश्न पडलेत आणि हा गडी पलंगाचं काय घेऊन बसलाय, असं कुणीही म्हणेल. म्हणा. पण या पलंगावरून माझ्या दोन दोस्तांची चांगलीच जुंपली. दोघंही चळवळीतले, दोघंही वाचणारे. म्हणून लिहितोय.

प्रकार असा. नोकरीच्या कामानं २०१८ साली मी अमेरिकेच्या मोंटाना राज्यात गेलो होतो. तिथं ब्यूट नावाचं तांब्याच्या खाणींचं गाव आहे. जगभर विजेच्या तारा पसरू लागल्या तशी तांब्याला किंमत आली आणि या गावाखालचा डोंगर आतून पोखरला गेला. तिथं विल्यम क्लार्क या खाणमालकाची हवेली आहे, १८८४ ते १८८८ मध्ये बांधलेली, चौतीस खोल्यांची. ताम्रराजाची हवेली म्हणतात तिला. कोरीव लाकडी जिना, रंगीत काचांच्या खिडक्या, छतावर चित्रं, वरच्या मजल्यावर नाचाचा दिवाणखाना. पैसे भरले की तिथं रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी मिळत होती. सकाळी मात्र लवकर खोली सोडायची, कारण मग तिकीटवाल्यांना घर दाखवत फिरवायचे. मी दोन रात्री राहिलो.

परत येऊन हे सांगितलं तर एक दोस्त म्हणाला, ‘‘खाणीत मेलेल्या आपल्या माणसांच्या छातीवर झोपलास तू. लाज कशी वाटली नाही?’’ दुसरा उसळून म्हणाला, ‘‘लाज कसली? ज्याच्या आज्याला पाटलानं वाड्याच्या उंबऱ्याआत घेतलं नाही, त्यानं मालकाच्या पलंगावर तंगड्या पसरल्या. हाच बदला!’’

आधी बदल्याचं बघू. बदला घ्यायला समोर माणूस लागतो. क्लार्क १९२५ सालीच मेला. घरातलं मूळचं बरंचसं सामान नंतर विकलं गेलं आणि पुढच्या मालकांनी त्या काळचं सामान जमवून घर पुन्हा सजवलं. म्हंजे पलंगसुद्धा ‘त्या काळचा’, मालकाचा कशाला? मी पैसे टाकले, दार उघडलं. हा व्यवहार झाला. किराणा दुकानात साबण घेतो तसा.

पण दार उघडलं तेव्हा बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. माझ्या आज्यानं पाटलाच्या वाड्यावर लाकडं फोडली, सांगावे पोचवले, मेलेलं ढोर ओढलं. त्याच्या कनवटीला चांदीचा रुपया असता तरी त्याला आत बसायला पाट मिळाला नसता. वर्गाचं दार पैशानं उघडतं, जातीचं उघडत नाही. हे या पानांच्या वाचकाला मी काय सांगायचं? तरीही माझं आत जाणं आणि महाडला १९२७ साली आपल्या माणसांनी तळ्याच्या पायऱ्या उतरणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. ते हजारांनी उतरले, हक्क म्हणून. एकानं ओंजळ भरली ती सगळ्यांची झाली. मी एकटा गेलो, पावती घेऊन. माझ्यामागून कुणाचाही हक्क तसूभर वाढला नाही. आपल्यातली शिकलेली, पगारदार पोरं हल्ली अशा पावत्यांना क्रांती समजू लागलीत, म्हणून जरा लांबण लावली.

आता लाजेचं. हा दोस्त जास्त खरा आहे, त्याला उत्तर देणं अवघड.

क्लार्कबद्दल तिथं अभिमानानं सांगतात की तो साध्या शेतकऱ्याच्या घरचा, १८६३ साली सोनं शोधत मोंटानात आला, स्वतः कुदळ मारली. खरं आहे. पण कुदळीनं चौतीस खोल्या उभ्या राहत नाहीत. त्यानं दुकान टाकलं, मग पेढी टाकली, कर्ज दिलं, आणि ज्यांचं कर्ज फिटलं नाही त्यांच्या खाणी गिळल्या. आपल्या सावकारांनी काय वेगळं केलं? पुढं त्याला अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसायचं होतं. तेव्हा सिनेटर राज्याचं विधिमंडळ निवडायचं. १८९९ साली त्यानं आमदारांना पैसे चारून जागा मिळवली, चौकशी झाली, हकालपट्टी होणार असं दिसलं तसा १९०० साली राजीनामा दिला आणि १९०१ मध्ये पुन्हा निवडून गेला. असल्या भानगडींचा बभ्रा झाला म्हणूनही १९१३ साली त्यांच्या घटनेत दुरुस्ती होऊन लोकांनी थेट मत द्यायचं ठरलं. त्याच १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले. त्या शहरातही क्लार्कनं एक वाडा बांधला होता, एकशे एकवीस खोल्यांचा. तो १९२७ मध्ये पाडला.

हाच क्लार्क कामगारांशी गोड होता हेही सांगायला हवं. १९०० साली त्यानं आणि हाइन्झ या दुसऱ्या खाणमालकानं आठ तासांचा दिवस मान्य केला. गावाला बाग करून दिली, पोरांसाठी झोपाळे. मालक गोड असला की हिशेब विचारायला जीभ रेटत नाही, एवढं मात्र होतं.

हिशेब हा असा. ८ जून १९१७ च्या रात्री स्पेक्युलेटर खाणीत जाड विजेची केबल खाली उतरवताना निसटली. तिच्या तेलकट वेष्टनाला दिव्याची ज्योत लागली आणि बोगदे धुरानं भरले. १६८ माणसं मेली. काही जण दोन खाणींमधल्या काँक्रीटच्या बांधाशी येऊन अडकले, तिथंच गुदमरले. ही खाण क्लार्कची नव्हती. त्यानं ब्यूटमधल्या आपल्या बऱ्याचशा खाणी १९१० मध्येच विकल्या होत्या. पण आगीत न मेलेला माणूस वाचला असं कुठं होतं? पुढं सरकारी डॉक्टरांनी हजारभर खाणकामगार तपासले तर चाळीस टक्क्यांच्या वर लोकांची फुफ्फुसं दगडाच्या धुळीनं खराब झालेली. आगीनंतर संप पेटला. तिथं संघटना बांधायला आलेल्या फ्रँक लिटलला १ ऑगस्ट १९१७ च्या पहाटे बिछान्यातून ओढून नेऊन रेल्वेच्या पुलाला फाशी दिलं. एकालाही शिक्षा झाली नाही.

हे सगळं ठाऊक असून मी झोपलो. का? कारण तो जिना क्लार्कनं कोरला नाही. ज्यानं पटाशी चालवली त्याचं नाव त्या जिन्यावर नाही, पण हात त्याचा आहे. मी तोंड फिरवून निघून गेलो असतो तर जिना मालकाचाच, हे मी मान्य केलं असतं. आणि घामानं बांधलेलं सगळं वर्ज्य करायचं म्हटलं तर मुंबईत आपण कुठल्या स्टेशनात शिरणार, कुठल्या पुलावरून जाणार, दोस्ता? सुंदर वस्तू बघून डोळ्याला बरं वाटणं हा मालकाच्या बापाचा ठेका नाही. आपल्याकडं कलाकुसर, संगीत, चांगलं अन्न हे सगळं ‘त्यांचं’ म्हणून टाकून द्यायची एक खोड आहे. मला ती मान्य नाही.

खटकलं ते दुसरंच. हवेली जपली आहे, पण माणसं राहायची त्या वस्त्या कुठायत? १९५५ साली कंपनीनं गावाच्या अंगालाच उघडी खाण खोदायला घेतली, बर्कली पिट. त्या खड्ड्यानं मीडरव्हिल नावाची इटालियन कामगारांची वस्ती गिळली, मॅक्वीन गिळली, घरं, चर्च, खानावळी सगळं. क्लार्कची बागही १९७३ मध्ये बंद झाली. १९८२ साली खाण थांबली, पंप बंद झाले, खड्ड्यात पाणी चढत गेलं, आम्लाचं, तांब्या-आर्सेनिकचं. १९९५ मध्ये त्यात उतरलेले ३४२ हिमहंस मेले. तो खड्डा बघायलाही सज्जा आहे आणि तिकीट आहे. मालकाचं घर म्हंजे वारसा, कामगाराचं घर म्हंजे खड्डा. दोन्ही बघायला पैसे.

इथपर्यंत माझा दोस्त खूश होईल. पण तो ‘आपली माणसं’ म्हणाला ना, तिथं मला त्याचा हात धरायचा आहे.

ब्यूटची कामगार युनियन १८७८ ची. अख्ख्या अमेरिकेत तिचा दरारा. खाणीतले पुष्कळसे आयरिश, दुष्काळानं आणि इंग्रजांच्या जाचानं देशोधडीला लागलेल्या लोकांची पोरं. अपमान त्यांना आईच्या दुधातून मिळालेला. आणि त्याच गावात चिनी माणसं होती. खाणीत त्यांना काम नाही. धुलाई करायची, खानावळ चालवायची, भाजी पिकवून दारोदार विकायची. १८८२ साली कायद्यानंच चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी झाली होती. १८९६-९७ मध्ये ब्यूटच्या युनियनांनी ठरवलं, या लोकांना गावातून घालवायचं. कसं? बहिष्कार. चिन्याच्या दुकानासमोर फलक धरून उभं राहायचं, गिऱ्हाईक अडवायचं, ज्याच्याकडं चिनी नोकर त्याच्याकडंही कुणी जायचं नाही.

हा शब्द आपल्याला कुणी शिकवायला नको. गावकीनं पाणी तोडलं, दळण तोडलं, वाण्यानं मीठ दिलं नाही, हे ज्याच्या घरात घडलंय त्याला कळेल त्या चिनी धोब्याला सकाळी दुकान उघडताना काय वाटत असेल. बाबासाहेबांनी १९२७ साली पत्र काढलं त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. ब्यूटचे चिनी कोर्टात गेले. हम फे आणि इतरांनी युनियनच्या पुढाऱ्यांवर खटला भरला आणि कोर्टानं बहिष्काराविरुद्ध मनाईहुकूम दिला. महाडच्या तळ्याचा निकाल आपल्याला १९३७ साली हायकोर्टातून मिळाला, तसंच काहीसं. त्या चिनी वस्तीतली एखाददुसरी जुनी इमारत उभी आहे, तिथं छोटं संग्रहालय आहे. मी हवेलीइतकाच वेळ तिथं काढला.

मग सांग, १८९७ च्या ब्यूटमध्ये आपली माणसं कोण? खाणीत छाती जाळणारा आयरिश, की त्यानं हुसकायला काढलेला चिनी? मी तिथं असतो तर मला युनियनच्या फलकामागं उभं केलं असतं की फलकासमोर? मला उत्तर ठाऊक आहे, तुलाही आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, का तर तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होतो. लाल बावटा घेणारे तिथं होते, आणि विटाळ पाळणारेही तेच होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. मनमाडला १९३८ साली रेल्वे कामगारांपुढं त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन दुश्मन सांगितले, एक सांगितला नाही.

मालकाचा राग करणं सोपं, मित्रांनो. तो मेला आहे, हवेलीत चित्रं टांगून ठेवलाय. अवघड आहे ते आपल्याच ओळीत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला फलक वाचणं. आणि आपल्या हातातला. आपल्या बुद्धविहाराच्या कमिटीवर मांगाचा पोरगा किती गावांत आहे? गटारात उतरणाऱ्या जातीच्या घरात आपण सोयरीक करतो का? पारध्यांचं पाल आपल्या वस्तीशेजारी पडलं की कोण कुरकुरतं?

आपल्याकडंही जुन्या गढ्या-वाड्यांची हॉटेलं होऊ लागलीत. दिवाणखान्यात तलवारी, अंगणात रांगोळी, जेवायला चुलीवरची भाकरी. उद्या तुमच्या गावच्या वाड्याचं झालं तर तुम्ही जा, मी जाणारच. पण जायच्या आधी त्या गावातल्या म्हाताऱ्यांना भेटा. वाड्याची लाकडं कुणी फोडली, दगड कुणी वाहिला, सांगाव्याला कोण पळालं, मळणीच्या वेळी खळ्यावर किती पसे मिळायचे, वेठीला नाही म्हटल्यावर काय झालं, आणि वाड्यामागच्या मोरीत कोण उतरायचं, तिच्याकडं महारवाड्यातल्या बायासुद्धा कुठल्या नजरेनं बघायच्या, सगळं विचारून घ्या. नावं लिहून घ्या. म्हातारी माणसं फार राहिली नाहीत.