श्रीगुंडीची फट आणि राघोबादादांचे पाप

गिरगाव चौपाटीवर उभे राहिले की पाण्यापलीकडे मलबार हिलचे टोक दिसते. आज तिथे राज्यपालांचे निवासस्थान आहे. पूर्वी त्याच टोकाला, लाटांच्या माऱ्यात, श्रीगुंडी नावाचा फट पडलेला खडक पुजला जाई. अंग चोरून त्या फटीतून पार झाले की पाप झडते, अशी श्रद्धा. इंग्रजांच्या आश्रयाला मुंबईत असताना राघोबादादा पेशवे या फटीतून जात, अशी नोंद जुन्या इंग्रजी लेखनात सापडते.

पाप कोणते, हे पुण्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला चुलत्याच्या, म्हणजे दादांच्या, डोळ्यांदेखत कापले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दादांना दोषी ठरवून देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले.

भाऊबंदकीची आग पुण्याने लावली खरी, पण तिचा न्यायही तिथेच झाला. कारभाऱ्यांच्या बारभाई मंडळाने दादांना हुसकावल्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. मिटू दिले नाही ते मुंबईने.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या या राजधानीचा डोळा साष्टी आणि वसईवर होता. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह करून तिने दादांना फौज कबूल केली. साष्टीतला ठाण्याचा किल्ला तर आधीच्या डिसेंबरातच मारून घेतला होता! कलकत्त्याच्या वरिष्ठांनी हे युद्ध अन्याय्य ठरवले, १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. तरी गव्हर्नर हॉर्नबींच्या कौन्सिलने दादांना सोडले नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईची फौज शरण आली, साष्टी परत द्यायचे लिहून दिले. मुंबईने ते लिखितही झुगारले.

चोरीचे प्रायश्चित्त घेण्याआधी चोरलेली वस्तू परत करावी, असे मनुस्मृती सांगते. शास्त्र कर्मठ असेल, पण इथे व्यवहाराला पक्के आहे. दादा फटीतून जात होते आणि गादीवरचा हक्कही सोडत नव्हते. अशा माणसाला खडकाने शुद्ध करावे तरी कसे? शास्त्रीबुवांच्या प्रायश्चित्तात गादी जात होती, जीवही जात होता. मुंबईच्या प्रायश्चित्तात फार तर कपडे भिजत. आणि आश्रय देणाऱ्याच्या पापाचे काय, हा प्रश्न कौन्सिलला कुणी विचारलाच नाही.

१७८२ च्या सालबाईच्या तहात दादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. साष्टी कंपनीकडेच राहिली.