घरची बिअर आणि कोरी जागा

हल्ली आमची मुले-नातवंडे घरी बिअर करून स्पर्धेत पाठवतात. (पेसाहपूर्वी तिचे काय करावे, तो प्रश्न निराळाच!) बीजेसीपीच्या पद्धतीत गुण ५० पैकी, त्यांतले २० चवीचे, १२ वासाचे. बाटली निनावी, म्हणून परीक्षकाला ओळखपाळख पाहता येत नाही. पण ती केली कोणी, हेही चाखून कळत नाही. ते फॉर्म भरणाऱ्याच्या इमानावर. कृती दुसऱ्याची घेतली तर आम्ही दोष देणार नाही. किद्दूशचे मनुकांचे शरबत आपण आईच्याच कृतीने करतो. मात्र जवाचा काढा शेजाऱ्याने उकळला, यीस्ट त्यानेच सांभाळले, आपण नुसत्या बाटल्या भरल्या, तर? सहकाऱ्याच्या नावासाठी फॉर्मवर बहुधा जागा असते. ती कोरी ठेवून मिळवलेले पदक दिवाणखान्यात टांगले, आणि तोच शेजारी शब्बाथला भेटीस आला, तर त्याला कोणत्या खुर्चीवर बसवावे?